ऑपरेशननंतरचा भ्रम आणि मेलाटोनिनची गोळी

खुब्याचं हाड मोडलेल्या आजींचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं. दुसऱ्या रात्री मात्र त्या सलाईनची नळी ओढू लागतात, कधीच वारलेल्या भावाला हाका मारतात, 'गाडी चुकेल गं' म्हणून नर्सवर चिडतात. 'भूल डोक्यात चढली,' असं घरचे म्हणतात. कुणी दबक्या आवाजात बाहेरच्या बाधेचंही बोलतं.

खरं तर भुलीचं औषध तोवर बरंचसं ओसरलेलं असतं. या भ्रमाला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. दुखणं, जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, तुंबलेली लघवी, काही औषधं, मोडलेली झोप असं सगळं एकदम थकल्या मेंदूवर येऊन पडतं. हे वेड नव्हे. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. हा भ्रम काही तासांत उपटतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. त्यात आरडाओरडा असतोच असंही नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेले आजोबा 'शांत झोपलेत' म्हणून सगळे निर्धास्त राहतात, आणि नेमका तोच प्रकार निदानातून निसटतो.

मग मेलाटोनिनची गोळी आधीच सुरू केली तर? कल्पना तर्काला धरून आहे. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी झोपेचं हे संप्रेरक सोडते, आणि ऑपरेशननंतर त्याचं वेळापत्रक बिघडतं. सुरुवातीच्या काही छोट्या चाचण्यांचे निकालही आशादायक होते. पण नेदरलँड्समध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या ३७८ वृद्धांवर झालेल्या चाचणीत (२०१४) पाच दिवस ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन देऊनही २९.६ टक्के रुग्णांना भ्रम झाला. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत २५.५ टक्क्यांना. हा फरक योगायोगात मोडणारा, म्हणजे फायदा दिसलाच नाही. ऑस्ट्रेलियात हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या चाचणीतही (२०२०) तेच. छोट्या चाचण्यांची बेरीज करून फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, पण माझा भरवसा मोठ्या चाचण्यांवर जास्त.

'मग साधी झोपेची गोळीच द्या' हा हट्ट त्याहून वाईट. अल्प्राझोलाम, लोराझेपामसारख्या गोळ्यांनी भ्रम उलट वाढू शकतो. मात्र त्या वर्षानुवर्षं चालू असतील तर एकाएकी बंद करणंही धोक्याचं, म्हणून ही गोष्ट (आणि रोजची दारूही) भूलतज्ज्ञांपासून लपवू नये.

मग उपयोग कशाचा होतो? येल विद्यापीठातल्या शेरॉन इनोये यांनी १९९९ साली ८५२ वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, साध्या वॉर्डातले होते. दिवस-वार सांगत राहणं, लवकर उठवून चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपमोड टाळणं, नीट दिसेल-ऐकू येईल अशी सोय करणं एवढ्यावर भ्रमाचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. आपल्याकडे ऑपरेशनला नेताना चष्मा, कवळी, कानातलं यंत्र काढून नातेवाइकांच्या हाती देतात आणि ते पिशवीत तसंच राहतं. रुग्ण शुद्धीवर आला की ते आधी परत द्या.

आणि उशाशी लपवून मेलाटोनिनच्या गमी (चघळायच्या गोळ्या) खाऊ घालू नका. अमेरिकेत तपासलेल्या अशा २५ उत्पादनांपैकी २२ वर छापलेलं प्रमाण खरं नव्हतं. एकात तर मेलाटोनिनच नव्हतं.