संघाला लागलेले वळण

फुटबॉलचा प्रशिक्षक संघाला शोभतो की नाही, हे आपण सहसा गुणतक्त्यावरून ठरवतो. लागोपाठ दोन सामने गेले की ‘घालवा त्याला’ अशी ओरड सुरू होते. पण चिंचोळीच्या कारखान्यांतून पाळी संपवून येथे आलेल्या मंडळींना विचारा. दर सहा महिन्यांनी फोरमन बदलला आणि प्रत्येकाने कामाची आपलीच तऱ्हा लादली, तर कारागिराचा हात बसेल काय? खेळाडूच्या पायाचेही तसेच आहे.

गोव्यातील धेंपो स्पोर्ट्स क्लबची सूत्रे आर्मांदो कुलासो यांनी २००० साली हाती घेतली, ती २०१३ पर्यंत सांभाळली. चेंडू जमिनीवर ठेवावा आणि आखूड पास देत पुढे सरकावे, असा त्यांच्या संघाचा खेळ. पाहायला सोपा, पण साधायला भारी अवघड! सोबती डावीकडे पोहोचला आहे, हे मान वर न करता कळावे लागते. फळ्यावर आकृत्या काढून ही जाण येत नाही. क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक हे अनेक हंगाम एकत्र खेळले, तेव्हा ती आली. २००४-०५ ते २०११-१२ या काळात धेंपोने राष्ट्रीय स्पर्धा पाच वेळा जिंकली. शेवटच्या विजयाच्या हंगामात एकट्या रँटी मार्टिन्सने ३२ गोल केले. गोल त्याचे खरे, पण चेंडू त्याच्यापर्यंत आणणारे पाय मागचे होते.

कुलासो गेले आणि २०१५ साली धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला. त्याचे सारे खापर त्यांच्या जाण्यावर फोडणे मात्र न्यायाचे नव्हे. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने पैसा आणि खेळाडू दोन्ही ओढून नेले होते.

या नव्या लीगमधली हकीकत आणखी बोलकी आहे. स्पेनचे सेर्जिओ लोबेरा २०१७ पासून एफसी गोवाचे प्रशिक्षक. चेंडू आपल्याकडे राखण्याचा खेळ त्यांनी संघाच्या अंगी मुरवला. जानेवारी २०२० मध्ये, हंगाम ऐन रंगात असताना, क्लबने त्यांना दूर केले. पुढे सूत्रे आली ती कुलासोंच्याच हाताखाली खेळलेल्या क्लिफर्ड मिरांडांकडे. उरलेले तिन्ही सामने गोव्याने जिंकले आणि साखळीतील पहिला क्रमांक पटकावला. लोबेरा गेले, पण पायांना लागलेले वळण तेवढ्याने सुटले नाही.

लोबेरा त्याच वर्षी मुंबई सिटीत आले. फॉल, जाहू, बूमूस आणि आपला गोवेकर मंदार राव देसाई हेही गोवा सोडून मुंबईत दाखल झाले. म्हणजे गवई आला तो साथीदारांसकट! २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळीही जिंकली आणि करंडकही. हंगाम संपल्यावर लोबेरा निघून गेले. पण मुंबईच्या मालकांनी नवा माणूस आपल्याच घराण्यातला पाहिला. डेस बकिंगहॅम हे त्याच मालकांच्या मेलबर्न सिटीत सहप्रशिक्षक होते. २०२२-२३ ची साखळी त्यांनी जिंकून दिली. ते इंग्लंडला परतल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये पेत्र क्रात्की आले, तेही मेलबर्न सिटीचेच सहप्रशिक्षक. मे २०२४ मध्ये करंडक पुन्हा मुंबईकडे आला.