सोळा मोनचा नट

मरणशय्येवर बुद्ध पहुडला आहे आणि भोवती शिष्यांऐवजी बायका धाय मोकलून रडताहेत, असं एक जपानी छापचित्र मध्यंतरी पाहण्यात आलं. नीट पाहिल्यावर कळलं, तो बुद्ध नव्हेच. तो आठवा इचिकावा दांजुरो, काबुकी रंगभूमीवरचा एदोचा, म्हणजे आजच्या तोक्योचा, गळ्यातला ताईत. १८५४ साली ओसाकात त्याने आत्महत्या केली. जपानी मोजणीने वय ३२. बातमी एदोत पोचताच त्याची मृत्यूचित्रं बाजारात आली, तीही दोनशेहून अधिक प्रकारची. या चित्रांना ‘शिनि-ए’ म्हणतात. ती इतक्या घाईत निघत की सरकारी परवान्याचा शिक्का नाही, बहुतेकांवर चित्रकाराची सहीसुद्धा नाही. शोक खरा असेल, पण तो विकायची तत्परता पाहून मी गार झाले. आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही हे कागद पैसे मोजून जमवणारी माणसं आहेत, हे कळल्यावर तर राहवेना.

जिम्बोचो ही तोक्योतली जुन्या पुस्तकांची पेठ. यासुकुनी रस्त्याच्या दक्षिण अंगाला दुकानांची रांग आहे. सगळ्यांची तोंडं उत्तरेला, म्हणजे कागदाला ऊन लागत नाही. मी गेले ते दुकान जिना चढून वर. आत जुन्या कागदाचा किंचित आंबूस, दमट वास भरलेला. मालक ऐंशीच्या घरातले. त्यांना मी मनातल्या मनात आजोबाच म्हणत होते. माझं जपानी बेताचं, त्यामुळे निशि-कासाईला राहणारी भाची दुभाषी म्हणून सोबत आली होती.

आजोबांची पद्धत अशी, की चित्र हातात आलं की आधी ते उलटं करायचं. दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी. मागे काय पाहता, असं विचारलं तर त्यांनी माझं बोट धरून कागदाच्या पाठीवरून फिरवलं. चित्रकार रेखाटन देतो, ते चेरीच्या फळीवर चिकटवून कोरतात आणि रंगागणिक वेगळ्या ठशाने छापतात. हे सगळं काम हाताचं, यंत्र कुठेही नाही. ठशावर कागद ठेवून पाठीवरून ‘बारेन’ नावाच्या गोल चकतीने घासायचं, की रंग तंतूंत मुरतो. त्या घासण्याच्या वळ्या पाठीवर राहतात. दर्शनी बाजू फसवू शकते, पाठीला फसवणं अवघड जातं.

मग त्यांनी चित्र डोळ्यांच्या पातळीवर आणून तिरकं धरलं. नटाचा झगा समोरून नुसता काळा दिसत होता. तिरका धरताच काळ्यावर काळी चकचकीत नक्षी उमटली. छपाईनंतर कागद घोटून ती काढलेली असते. भिंतीवर काचेत टांगलं तर ती कधीच दिसायची नाही.

“सोळा मोन,” आजोबा म्हणाले.

भाचीने खुलासा केला, “मावशी, तेव्हा अशा एका चित्राला सोळा मोन पडायचे म्हणे. वाडगाभर सोबा शेवयांचेही तेवढेच.”

हा आकडा त्यांच्या बोलण्यात सारखा येत होता. हे लेणं आहे का? छे, सोळा मोन. तीन कागदांचं जोडचित्र तुटून एकेकटं का सापडतं? कारण तिन्हींचे अठ्ठेचाळीस होतात आणि पोरीला हवा असतो एकच नट. ती आपला तेवढा उचलते, बाकीचे दोघे दुकानातच. आता संग्राहक त्या तिघांना पुन्हा एकत्र आणण्यात आयुष्य घालवतात. मला यात थोडी गंमत वाटते आणि थोडा वेडेपणाही.

त्या दिवशी दुकानात असे एक गृहस्थ होतेच. नोकरीतून निवृत्त, हातात भिंग आणि कव्हर झिजलेली वही. ते फक्त आठवा दांजुरो जमवतात. आजोबांनी त्यांच्यापुढे एकाच चित्राच्या दोन प्रती ठेवल्या: तिसऱ्या तोयोकुनीने काढलेला, योसाबुरोच्या भूमिकेतला दांजुरो. तिसरा तोयोकुनी म्हणजे मूळचा कुनिसादा. त्याने गुरूचं नाव १८४४ मध्ये घेतलं. योसाबुरो परक्याच्या रखेलीच्या प्रेमात पडतो, पकडला जातो आणि अंगावर चौतीस जखमा घेऊन जगतो. हे नाटक एदोच्या नाकामुरा-झामध्ये १८५३ च्या तिसऱ्या महिन्यात आलं. ओतोमी ही नायिका अर्थात पुरुषच करत होता. बालगंधर्वांच्या नऊवारीची नक्कल घराघरांत पाहिलेल्या समाजाला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

चित्रावर दांजुरोचं नाव कुठेच नव्हतं. १८४२ मध्ये शोगुनच्या सरकारने काटकसरीची मोहीम काढून नटांच्या आणि गणिकांच्या चित्रांवर बंदी घातली. पुढे ती सैल झाली, तरी प्रकाशक बराच काळ नटाचं नाव छापायला धजत नव्हते. भूमिकेचं नाव तेवढं असे. गिऱ्हाइकाला फरक पडत नव्हता. लांबट चेहरा, ते डोळे, किंवा कपड्यावर कुठेतरी एकात एक बसलेले तीन चौकोन, म्हणजे इचिकावा घराण्याचं चिन्ह, एवढं दिसलं की पुरे. कडेला तीन छोटे शिक्के होते. दोन तपासनिसांचे आणि तिसऱ्यात ‘बैल, तीन’, म्हणजे बैलाच्या वर्षातला तिसरा महिना. नाटक रंगमंचावर असतानाच चित्र बाजारात! आजोबांनी एवढ्या आधारावर वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयाची सूची संगणकावर उघडली. तिथे छापचित्रं ४६ हजारांच्या वर आहेत. दोन मिनिटांत प्रयोग, नाट्यगृह आणि भूमिका यांची खात्री झाली.

दोन प्रतींतली एक जुन्या वहीत बांधून राहिलेली. निळा टवटवीत आणि कपाळावरच्या केसांची रेघ न् रेघ सुटी. ठसा नवा असतानाच हे जमतं, शेकडो प्रती निघाल्या की त्या बारीक रेघा तुटतात. दुसऱ्या प्रतीत त्या तुटल्या होत्या. करडईच्या फुलांपासून काढलेला गुलाबी उडून मातकट झाला होता. पाठीला खळीचे डाग, वरच्या कोपऱ्यात धुराची पिवळट झाक. कुणीतरी तो योसाबुरो भिंतीला नाहीतर पडद्याला चिकटवला होता आणि स्वयंपाकाच्या धुरात रोज पाहिला होता.

गृहस्थांनी भिंगातून दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली आणि कोरी प्रत घेतली. ती दुसरीच्या कित्येक पट महाग होती.

मला ते पटलं नाही. ही चित्रं चाहत्यांसाठी होती. ज्या प्रतीला कुणी हात लावला नाही ती सोन्याची आणि जिच्यावर कुणाचा जीव जडला ती रद्दीची, हा कुठला हिशोब? संग्राहकांना नटाचं वेड हवं, पण वेड्याच्या बोटांचे ठसे नकोत. शाराकू या चित्रकाराचंच पाहा. १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिने त्याने नटांचे चेहरे काढले, वाकड्या नाकांसकट, आणि तो गायब झाला. एदोच्या चाहत्यांना तो फारसा रुचला नसावा, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. १९१० मध्ये युलिउस कुर्थ या जर्मनाने त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि तो थोर ठरला. उलट ज्या कुनिसादाची चित्रं एदोने हातोहात नेली, जो मरेपर्यंत हजारोंनी चित्रं काढत राहिला, त्याला समीक्षक कित्येक दशकं ऱ्हासाचा चित्रकार म्हणत आले. त्याची साधी चित्रं आजही दुकानाबाहेरच्या खोक्यांत सापडतात.

हे सगळं मी भाचीकरवी आजोबांना सुनावलं. ते शांतपणे ऐकत धुरकट प्रतीच्या कडा कुंच्याने झटकत होते.

“असं म्हणणारे पुष्कळ येतात,” ते म्हणाले, “आणि जाताना कोरं घेऊन जातात.”

आता माघार घेणं शक्यच नव्हतं. मी धुराचा योसाबुरो घेते म्हणाले. पिशवीतून पैसे काढता काढता सवयीने विचारलंच, डाग इतके आहेत तर थोडे कमी करा ना.

भाची हसू दाबत म्हणाली, “मावशी, ते म्हणतायत, डागांसाठीच घेताय ना? मग सूट कशाची?”