बंदराची किल्ली कोणाच्या हाती?

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा संगणकी विषाणू जगभर फैलावला आणि न्हावा शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज कोलमडले. त्याने वापरलेले ‘विंडोज’मधील एक छिद्र अमेरिकेच्या हेरखात्याने दीर्घकाळ गुप्त राखले होते, वापरणाऱ्यांस ती आज्ञावली उघडून पाहण्याचीही मुभा नव्हती. जिचा मजकूर सर्वांस खुला, ती मुक्त आज्ञावली निर्दोष असते असे आम्ही म्हणत नाही. २०१४ चा ‘हार्टब्लीड’ दोष तिच्यातच निघाला. परंतु तो कोणासही तपासता आला. रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून मागत आले आहेत तो हाच हक्क. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कारभारात मुक्त आज्ञावलीस अग्रक्रम देण्याचे धोरण स्वीकारले. बंदर जनतेचे आहे. टर्मिनल कंपन्यांस चालवावयास देताना तीच अट का नसावी?