तुरळक म्हणजे किती?

दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादरच्या फूलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सेनापती बापट मार्गावरच्या त्या रेटारेटीत एका गाळ्यासमोर अडकलो होतो. गाळेवाल्याने झेंडूच्या क्रेटमध्ये खोलवर हात घातला, तळातलं एक फूल काढून चिमटीत दाबलं. पाणी निघालं. "माल ओला आहे, दादा," म्हणत त्याने भाव उतरवला. जुन्नरकडून रात्रभर टेम्पोत बसून आलेल्या शेतकऱ्याचा राग मात्र वेधशाळेवर होता. "तुरळक ठिकाणी पाऊस म्हणाले. म्हटलं, तुरळक म्हणजे चार थेंब. तोडा एक दिवस पुढे ढकलला, आणि रात्रीत सगळा मळा धुऊन निघाला."

हा गैरसमज मी सुशिक्षित दादरकरांकडूनही ऐकतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक' हा शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतो, किती जोराचा पडेल ते नाही. एखाद्या विभागातल्या पर्जन्यमापकांपैकी 25 टक्क्यांपर्यंत ठिकाणी पाऊस झाला तर तो तुरळक ठिकाणी. 26 ते 50 टक्के म्हणजे काही ठिकाणी, 51 ते 75 टक्के म्हणजे बऱ्याच ठिकाणी, त्यावर बहुतांश ठिकाणी. जोराचं माप वेगळं: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, 115.5 च्या वर अति मुसळधार. म्हणून 'तुरळक ठिकाणी मुसळधार' या शब्दांत विसंगती काही नाही. थोड्याच गावांत पडेल, पण जिथे पडेल तिथे झोडपेल. या शेतकऱ्याचा मळा त्या थोड्यांत सापडला. (रोजच्या मराठीत 'तुरळक' म्हणजे विरळ, किरकोळ, तेव्हा दोष सगळा वाचणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.)

एका जिल्ह्यात पावसाचा असा किती फरक पडणार, असं वाटत असेल तर 26 जुलै 2005 आठवावा. त्या 24 तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला सुमारे 74. शहर एकच, दिवस एकच, आणि दादर या दोघांच्या मधोमध! जिल्ह्याचा अंदाज वाचून आपल्या बांधावरचा पाऊस ठरवायचा तर हा आकडा लक्षात असलेला बरा.

दुसरी समजूत: 'सरासरीइतका पाऊस' म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष चांगलं. एप्रिलमध्ये जाहीर होते ती टक्केवारी सगळ्या देशाची, जून ते सप्टेंबर मिळून. या पावसाची सरासरी आहे 87 सेंटीमीटर. 2023 साली देशात मोसमाचा पाऊस 94 टक्के झाला, कागदावर जरासाच कमी. पण त्यातला ऑगस्ट 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात फुलोऱ्यावर आलेल्या सोयाबीनला चार महिन्यांची बेरीज दाखवून काय उपयोग?

मान्सून आला की पेरा, हेही तसंच. मान्सूनचं आगमन जाहीर करताना वारे, ढग, पाऊस पाहतात. तुमच्या जमिनीत ओल किती उतरली ते नाही. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच मुंबईत पोचला, नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवडे आधी, आणि मग मे संपता संपता त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत थबकली. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी नको, हा कृषी खात्याचा सल्ला अशाच वर्षांसाठी आहे. दुबार पेरणीचं बियाणं कोणी फुकट देत नाही.

व्हॉट्सअॅपवर फिरणारे 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, तालुकावार' असे पंधरा-वीस दिवसांचे अंदाज मी वाचायचं सोडून दिलंय. हवामान खातं जिल्ह्यासाठी पाच दिवसांचा अंदाज देतं. त्यापुढे दर गुरुवारी आठवड्या-आठवड्याचा कल. वातावरणाच्या आजच्या मोजणीतली बारीकशी चूक दहा दिवसांत एवढी वाढते की त्यापुढच्या ठरावीक तारखेला ठरावीक तालुक्यात पाऊस, हे ठामपणे सांगणं कोणाच्याच हातात उरत नाही. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाचा, बेडकाचा किंवा हत्तीचा, मजकूर निदान ठामपणाचा आव तरी आणत नाही.

आणि 'अवकाळी'. ओल्या झेंडूकडे बघत फूलबाजारात जो तो हाच शब्द उच्चारत होता. पण मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबरवर नेली. म्हणजे दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला तर त्यासाठी लावलेला झेंडू पावसाळी पीकच ठरतं. लागवडीची तारीख, वाण, वर आच्छादन घालायचं की नाही, हे सगळं त्या हिशेबानेच ठरवावं लागेल.

कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. 'मेघदूत' अॅपवरही तो जिल्हावार दिसतो. या शेतकऱ्याला तो गावच्या ग्रुपवर आला होता. त्याने फोन पुढे केला. वर पाच दिवसांच्या पावसाचे आकडे होते, ते त्याने वाचले होते. मग 'अधिक वाचा'. मी त्यावर बोट ठेवलं. खाली फूलपिकांसाठी एकच ओळ होती: काढणीस तयार असलेली फुले काढून घ्यावीत.