कॉम्प्युटरला पाणी पाजण्याआधी

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

माठातलं पाणी रूममधल्या हवेपेक्षा गार असतं. कॉम्प्युटरच्या लिक्विड कूलिंगमधलं पाणी तसं कधीच नसतं. मित्रांनो, एवढा फरक ज्याला कळला त्याला अर्धा विषय कळला, उरलेला अर्धा या लेखात आहे.

माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. खिडकीत बसवलेला आपला वाळ्याचा कूलरसुद्धा हेच करतो. कस्टम लूपमध्ये मात्र पाणी बंद नळ्यांतून गोल गोल फिरतं, त्याची वाफ होऊन जायला वावच नसतो. त्यामुळे रेडिएटर केवढाही लावा, पंखे कितीही जोरात फिरवा, ते पाणी रूमच्या तापमानाच्या खाली जाणार नाही. थर्मोचा दुसरा नियम हॉस्टेललाही लागू आहे!

मग पाणी करतं तरी काय? हमाली. चिपपाशी अडकलेली उष्णता उचलायची, मोकळ्या जागेत न्यायची आणि तिथे हवेच्या हवाली करायची. हमाल म्हणून पाण्याची ताकद दांडगी आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, तर एक लिटर हवेला जेमतेम सव्वा ज्यूल. म्हणजे आकारमानाच्या हिशोबाने जवळजवळ साडेतीन हजार पट. स्प्लेंडरच्या इंजिनाला नुसत्या फिन्स आहेत, २००८ साली आलेल्या यामाहा आर-१५ ला रेडिएटर होता. पण दोघींची उष्णता शेवटी जाते हवेतच. मधला हमाल तेवढा वेगळा.

कॉम्प्युटरच्या जगात हे नवीनही नाही. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेला ३०८१ हा मेनफ्रेम पाण्यानेच थंड होत असे. आपल्या पुण्यात, आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही चिपपर्यंत द्रव नेऊन उष्णता काढण्याची सोय आहे.

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपपुढे हा विषय आला तो शौक म्हणून नाही. आमची सिम्युलेशन्स रूमवरच्या एकाच मशीनवर चालतात. जानेवारीत जी केस एका रात्रीत संपते तीच एप्रिलमध्ये रखडते, कारण शंभर अंशाला टेकलेला प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. आणि सबमिशन नेमकं मे महिन्यात! चौघांनी वर्गणी काढून लूप बसवायचा का, असा प्रश्न होता. पैसे चौघांचे आणि मशीन एकच. म्हणून मी आधी कागदावर हिशोब मांडला.

पहिलं काम : वॅट मोजणे

रेडिएटर केवढा घ्यायचा हे कॅबिनेट बघून ठरवू नये, वॅट बघून ठरवावं. आमचा प्रोसेसर कोअर आय ७-१३७००के. खोक्यावर १२५ वॅट दिसतात, पण ती बेस पॉवर. टर्बोमध्ये इंटेलनेच दिलेला कमाल आकडा २५३ वॅट आहे. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, ते २०० वॅटचं. बेरीज ४५३ वॅट. मदरबोर्ड, रॅम वगैरेंची उष्णता पाण्यात जात नाही, ती कॅबिनेटच्या पंख्यांनी न्यायची.

शांत बसलेला माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. म्हणजे लूप लावा की न लावा, पूर्ण भाराला हे मशीन चालू असताना रूममध्ये चार-साडेचार माणसं जास्तीची मुक्कामाला आहेत असं समजायचं. पाणी त्यांना चिपपासून दूर नेईल, रूमबाहेर काढणार नाही. ते काम खिडकीचं.

दुसरं काम : रेडिएटर

रेडिएटर १२० मिलिमीटरच्या पंख्यांच्या हिशोबात मिळतात. दोन पंख्यांचा २४०, तीन पंख्यांचा ३६०. ढोबळ नियम असा, की पंखे मध्यम वेगाने फिरत असतील तर एका पंख्याएवढा भाग शंभर वॅट टाकून देतो, आणि त्यासाठी पाणी हवेपेक्षा दहा अंश जास्त तापलेलं असावं लागतं.

हा नियम डोळे मिटून घेऊ नका, ताळा करून बघा. रेडिएटरच्या आडकाठीमुळे प्रत्येक पंख्यातून मिनिटाला २५ घनफूट हवा जाते असं धरलं, तर तीन पंख्यांची हवा सेकंदाला सुमारे ४० ग्रॅम भरते. एवढी हवा दर अंशाला ४० वॅट वाहून नेते. म्हणजे ३०० वॅट द्यायचे तर हवाच साडेसात अंश तापणार, आणि पाणी त्याहून गरम असल्याशिवाय उष्णता तिकडे जाणार नाही. दहा अंशांचा नियम आकाशातून पडलेला नाही हे यावरून कळतं.

आता आमचे ४५३ वॅट. नुसता ३६० लावला तर भागाला १५१ वॅट, पाणी हवेच्या १५ अंश वर. ३६० आणि २४० असे दोन लावले तर भागाला ९१ वॅट, पाणी ९ अंश वर.

तिसरं काम : तापमानाचा जिना

इथे खरी गंमत आहे. चिपपासून हवेपर्यंत उष्णता एकेक पायरी उतरत येते: चिप ते पाणी, पाणी ते हवा. रेडिएटर वाढवला तर फक्त शेवटची पायरी लहान होते. चिप ते पाणी ही पायरी थर्मल पेस्ट आणि ब्लॉक यांच्या हातात असते. इलेक्ट्रिकलवाल्यांनी हे सीरिजमधले रेझिस्टन्स समजावेत.

चांगल्या ब्लॉकसाठी वॅटमागे ०.१५ अंश धरू. प्रोसेसरचे २५३ वॅट म्हणजे ३८ अंश. मे महिन्यात दुपारी रूममध्ये ४२ अंश धरा. दोन रेडिएटर असतील तर ४२ अधिक ९ अधिक ३८, एकूण ८९. एकच ३६० असेल तर ९५. मर्यादा १०० ची. म्हणजे लूप बसवूनही मे महिन्यात आपण कड्याच्या जवळच उभे असतो. यूट्यूबवरचे व्हिडिओ बऱ्याचदा एसीच्या रूममध्ये काढलेले असतात. त्यांच्या २२ अंशांना आणि आपल्या ४२ अंशांना एकच उत्तर येणार नाही.

पाण्याचंही बघा. डी५ नावाचा जो पंप लूपमध्ये सर्रास वापरतात, त्याला ६० अंशांपर्यंतचं पाणी चालतं. एका रेडिएटरने आपलं पाणी ५७ वर जातं. पंपाच्या मर्यादेत ते बसतं, पण अगदी काठावर.

चौथं काम : हवा कुठून, कुठे

दोन रेडिएटर बसवले की काम झालं असं नाही. पुढचा ३६० बाहेरची हवा आत ओढतो आणि वरचा २४० तीच हवा बाहेर टाकतो, अशी मांडणी लोक फार करतात. हिशोब करा. पुढच्या रेडिएटरच्या वाट्याला सुमारे २७० वॅट आले तर त्यातून येणारी हवा जवळजवळ सात अंश तापलेली असते. पाणी हवेपेक्षा नऊ अंश गरम ठेवायचं आपलं ठरलं होतं. वरच्या रेडिएटरला त्यातले दोनच मिळाले. तो नुसता शोभेचा झाला, आणि पाणी नऊवर न थांबता आणखी वर चढणार. दोन्ही रेडिएटरना ताजी हवा द्या आणि गरम हवेला मागून वाट ठेवा. शिवाय जाळीवर धूळ बसली की सगळे आकडे बिघडतात, म्हणून महिन्यातून एकदा ब्रश फिरवाच.

पाचवं काम : क्रम आणि पंप

आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, यावर मेसमध्ये तासभर वाद होऊ शकतो, पण उत्तर एका ओळीचं आहे. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ४५३ वॅटनी ते पूर्ण फेरीत फक्त १.६ अंशाने तापतं. म्हणजे क्रम कोणताही ठेवा, नळ्या ज्याने कमी आणि सरळ होतील तो बरा. क्रमाचा एकच नियम पाळायचा: रिझर्व्हायर पंपाच्या आधी आणि त्याच्या वर. पंपाचं बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं, तो कोरडा चालवला की संपला.

पंप वरच्या रेडिएटरपर्यंत पाणी चढवेल का, अशीही शंका येते. आपल्या हॉस्टेलचा पंप गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवतो, तेव्हा त्याला सगळी उंची मोजावी लागते. लूप बंद आहे. जेवढं पाणी वर चढतं तेवढंच पलीकडून खाली येतं. एकदा लूप भरला की उंचीचा हिशोब शून्य होतो, उरतं फक्त घर्षण.

पंपाच्या वेगाची तार मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या जागी जोडा. पंप बंद पडला तर मशीनला लगेच कळतं. लाइट गेली तर काळजी नको, पंप थांबतो तशी उष्णताही थांबते.

सहावं काम : धातू आणि पाणी

फर्स्ट इयरची केमिस्ट्री इथे वसूल होते. तांब्याचं प्रमाणित विभव अधिक ०.३४ व्होल्ट, ॲल्युमिनियमचं वजा १.६६. दोघांना एकाच पाण्यात ठेवून जोडलं की सेल तयार झाला, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. ब्लॉक तांब्याचे असतील तर रेडिएटर तांबं-पितळेचाच घ्यायचा. स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमचा रेडिएटर मिसळू नका.

पाणी डिस्टिल्ड. मेसच्या आरओचं नको आणि बोअरचं तर नाहीच. बादलीत टाकायच्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, तो ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांत बसला तर काय होईल? डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळ होऊ न देणारं औषध घालावं लागतं, किंवा तयार कूलंट घ्यावं. आणि 'शुद्ध पाणी वीज वाहत नाही' या भरवशावर राहू नका. धातूंवरून फिरून ते लवकरच शुद्ध राहत नाही, मदरबोर्डवरच्या धुळीत पडल्यावर तर मुळीच नाही.

सातवं काम : गळती

आमच्या आराखड्यात पाच वस्तू होत्या: दोन ब्लॉक, दोन रेडिएटर, एक पंप-रिझर्व्हायर. प्रत्येकीला पाणी आत यायला एक आणि बाहेर जायला एक, म्हणजे दहा फिटिंग. पाणी काढायला सगळ्यात खालच्या जागी टी आणि व्हॉल्व्ह, त्याची दोन आणखी. झाले बारा सांधे, आणि प्रत्येक सांध्याखाली हजारोंचा माल. यातल्या फिटिंगना ओ-रिंग असते. त्या हातानेच आवळायच्या. टेफ्लॉन टेप नको, पानाही नको.

पहिल्यांदा पाणी भरल्यावर एसएमपीएसवर फक्त पंप जोडायचा. मदरबोर्ड, प्रोसेसर, कार्ड यांच्या सगळ्या केबल काढून ठेवायच्या. मदरबोर्डशिवाय एसएमपीएस सुरू करायला चोवीस पिनांचा तयार जंपर मिळतो, तो लावायचा. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून चोवीस तास पंप चालवायचा. एकही कागद ओला झाला नाही, तरच बाकीची वीज जोडायची.

मग ठरलं काय?

जिन्याची पहिली पायरी म्हणजे वॅट, आणि ती कमी करायला पैसे पडत नाहीत. चिपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेगाचे शेवटचे काही टक्के फार महाग पडतात. बायॉसमध्ये प्रोसेसरची मर्यादा २५३ वरून १८० वॅटवर आणता येते.

आमच्याकडे आहे त्या एअर कूलरचा आकडा मी काढला. पद्धत सोपी आहे: पूर्ण भाराला चिपचं तापमान, त्यातून कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी असलेल्या हवेचं तापमान वजा करा, वॅटनी भागा. जानेवारीच्या रात्री चिप ८७, हवा २४, वॅट २५३. उत्तर ०.२५. यावरून मे महिन्यात २५३ वॅटला ४२ अधिक ६३, म्हणजे १०५ व्हायला हवेत. म्हणूनच मशीन रखडतं. तेच १८० वॅटला ४२ अधिक ४५, म्हणजे ८७. दोन रेडिएटरचा अख्खा लूप आम्हाला ८९ देणार होता!

वर्गणी परत केली. रात्रीच्या केसला जो जादा वेळ लागतो तो नाश्त्याला जाऊन येईपर्यंतचा.

याचा अर्थ लूप वाईट असं नाही. ज्याच्याकडे पाचशे-सहाशे वॅटचं मशीन आहे, पूर्ण वेग हवाच आहे, किंवा पंख्यांचा आवाज नको आहे, त्याने जरूर बसवावा. फक्त एक ध्यानात ठेवा: ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक त्याच मॉडेलच्या बोर्डाला बसतो, कार्ड बदललं की तो ब्लॉक वाया. दर वर्षी पाणी बदलावं लागतं, त्यासाठी सेमिस्टरची सुट्टी राखून ठेवा. आणि दुकानात जाण्याआधी चार आकडे खिशात हवेत: मशीनचे वॅट, मे महिन्यातलं रूमचं तापमान, आहे त्या कूलरचा वॅटमागचा आकडा, आणि बारा सांध्यांपैकी एक गळला तर सोसेल एवढी रक्कम.