रीलमधलं मशीन आणि रेडियमवाल्याचा प्लॉटर

कार्डशीट कापणारं इलेक्ट्रॉनिक मशीन घ्यायचं, बदलायचं की विकून मोकळं व्हायचं? सिंदेवाहीत बसून हिशेब मांडला, की उत्तर रीलपेक्षा वेगळं येतं.

रीलमध्ये सगळं सोपं असतं. पांढरंशुभ्र मशीन, चिकट मॅटवर ठेवलेली गुलाबी कार्डशीट, एक बटण, आणि दोन मिनिटांत फुलपाखरांची जाळी हजर! ते बघून आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींच्या मनात एकच विचार येतो, हे आपल्या घरी असतं तर? वाढदिवसाचे केक टॉपर, गणपतीची आरास, दिवाळीचे आकाशकंदील, शाळेचं गॅदरिंग, लग्नाच्या पाकिटांवरची नावं. कामाची कमी नाही. कमी आहे ती घेण्याआधी चार गोष्टी सांगणाऱ्या माणसाची.

कारण आपल्याकडे अशी खरेदी सहज होत नाही. धान विकून पैसा आला, की घरचे एकदाच ‘घे’ म्हणतात. ते मशीन दोन वर्षांत कपाटावरचा डबा झालं, तर पुढच्या वेळी लॅपटॉप मागायलाही तोंड राहत नाही. म्हणून हा लेख.

आत असतं तरी काय?

शाईच्या जागी पातं बसवलेला प्रिंटर, इतकं समजलं तरी पुरे. रोलर कागदाला मागे-पुढे ढकलतात, पात्याची गाडी डावी-उजवीकडे पळते. या दोन हालचाली एकत्र झाल्या, की मोराच्या पिसापासून वाघाच्या पट्ट्यापर्यंत कुठलीही रेघ कापता येते. पातं स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे वळणावर कागद फाटत नाही. दाब कमी केला, की वरचा स्टिकर कापला जातो आणि खालचा कागद शाबूत राहतो. याला ‘हाफ कट’ म्हणतात.

प्रेसमध्ये लग्नपत्रिकेला खिडकी पाडतात ते काम वेगळं. तिथे आधी डाय बनवावी लागते आणि मग तिच्याखाली पत्रिका धडाधड पंच होतात. हजार नग एकसारखे हवे असतील, तर हे मशीन प्रेसच्या पुढे टिकत नाही. पण ‘आमच्या परीच्या पहिल्या वाढदिवसाला फक्त एकच टॉपर पाहिजे’ म्हटलं, की डाय बनवणं परवडत नाही. या मशीनचा धंदा या एका नगावर उभा आहे.

गावात आधीपासून आहे की!

गंमत म्हणजे हेच यंत्र आपल्या तालुक्याच्या गावांत वर्षानुवर्षं आहे. फक्त त्याला कुणी ‘क्राफ्ट मशीन’ म्हणत नाही. बाइकच्या टाकीवरचं नाव, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचं ‘आईचा आशीर्वाद’, दुकानाच्या काचेवरची अक्षरं, हे सगळं रेडियमवाला ज्या प्लॉटरवर कापतो, तो या मशीनचा थोरला भाऊ. तो साधारण दोन फूट रुंद रोल घेतो. हौशी मशीनची रुंदी बहुतेक १२ इंच असते.

आणि या थोरल्या भावाचं एक मोठं काम हातचं निसटलंय. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या कारखान्याच्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच येतात. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ भर मुदतीवर मुदत वाढत राहिली. म्हणजे रेडियमची नंबर प्लेट हा विषय संपत आलाय. प्लॉटर मात्र तिथंच आहे. त्यामुळे मशीन घेण्याआधी पहिली पायरी ही, की पेन ड्राइव्हवर तुमची डिझाइन घेऊन रेडियमच्या दुकानात जा आणि कापून देण्याचे किती घेणार ते विचारा. एक अडचण येईल. प्लॉटर रोलसाठी बनलेला असतो, सुटी कार्डशीट त्यात सरकते. ती जुन्या मॅटवर किंवा जाड शीटवर चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिली, की काम होतं. आधी एखादी शीट वाया घालवून दाब जमवावा लागतो, एवढंच.

असे दोन-तीन महिने ऑर्डरी घेऊन पाहा. गिऱ्हाईक आहे की नाही, ते आपला एक रुपयाही न अडकवता कळतं.

मशीन तुमचं, चावी कुणाची?

समजा, गिऱ्हाईक आहे आणि आता स्वतःचं मशीन पाहिजे. इथे लोक रंग, स्पीड आणि ऑफर बघतात. बघायचं असतं सॉफ्टवेअर.

रेडियमवाल्याचे बहुतेक प्लॉटर एचपीजीएल नावाची भाषा समजतात. ही ह्यूलेट-पॅकार्डने १९७० च्या दशकात आणलेली, पुढे सगळ्यांनी उचललेली भाषा. त्यामुळे कंपनी बंद पडली तरी दुसऱ्या कुठल्या तरी सॉफ्टवेअरमधून प्लॉटर चालवता येतो. हौशी मशीनचं तसं नाही.

सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे अमेरिकेतलं क्रिकट. पहिलं क्रिकट २००६ मध्ये आलं, तेव्हा त्यात व्हिडिओ गेमसारखं कार्ट्रिज घालावं लागायचं. एका कार्ट्रिजमध्ये ठरावीक अक्षरं आणि चित्रं. नवीन चित्र पाहिजे तर नवीन कार्ट्रिज विकत घ्या. पुढे कंपनीनं ‘क्राफ्ट रूम’ हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर दिलं आणि जुलै २०१८ मध्ये ते बंद केलं. त्यावर चालणारी जुनी मशीन चांगल्या स्थितीत होती. मोटर फिरत होती, पातं कापत होतं. पण कार्ट्रिजबाहेरचं काही कापायचा कंपनीचा रस्ता संपला.

मार्च २०२१ मध्ये तर कंपनीनं जाहीर केलं, की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला फक्त २० डिझाइन अपलोड करता येतील. पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर! जगभरातले क्राफ्टवाले असे भडकले, की काही दिवसांतच कंपनीला हा निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय गेला, पण एक गोष्ट सगळ्यांना कळली. मशीन आपल्या टेबलावर असलं तरी चावी कंपनीच्या सर्व्हरवर असू शकते.

याचा अर्थ क्रिकट वाईट असा नाही. ते शिकायला सोपं आहे आणि कागद छान कापतं. पण त्याचं ‘डिझाइन स्पेस’ खातं उघडून, लॉग-इन करून वापरायचं असतं आणि बऱ्याच कामांना इंटरनेट लागतं. पावसाळ्यात नेटवर्क गेलं, की संध्याकाळी सातचा केक आणि आपण, दोघंही ताटकळतो. सिल्हूट कॅमिओ हा दुसरा पर्याय, त्यामागे जपानच्या ग्राफटेकचं तंत्र आहे. त्याचं साधं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. मात्र एसव्हीजी फाइल उघडायला वरची, विकतची आवृत्ती लागते. फुकटात डीएक्सएफ फाइल चालते आणि ती इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमधून काढता येते. तिसरं ब्रदरचं स्कॅन-एन-कट. त्याच्या पोटातच स्कॅनर आहे. हाताने काढलेली रांगोळी आत सरकवा, तीच कापून मिळेल. ज्याच्याकडे कॉम्प्युटर नाही पण हातात कला आहे, त्यानं याचा विचार करावा.

आता बोलू पैशांवर

हिशेब उदाहरणादाखल आहे, आकडे आपापले घाला. समजा मशीन ३३,००० रुपयांचं. टॉपर ८० रुपयांना विकला. ग्लिटर शीट, पात्याची झीज, मॅटचा वाटा आणि चिकटवायचं सामान मिळून २५ रुपये गेले. हातात ५५ उरले. म्हणजे मशीनचे पैसे वसूल व्हायला ६०० टॉपर लागतील. रोज दोन विकले तरी ३०० दिवस. आणि रोज दोन वाढदिवस आपल्याच वाट्याला येतील, असं थोडीच आहे!

आता यात रीसेल घाला. दोन वर्षांनी तेच मशीन १५,००० ला गेलं, तर खरा खर्च १८,००० झाला आणि टॉपर लागले साधारण ३३०. म्हणजे निम्म्याच्या जवळपास. विकताना काय मिळणार हे घेतानाच का बघायचं, ते इथे कळतं. आणि ज्या मशीनचं सॉफ्टवेअर बंद झालं, त्याला कोण १५,००० देणार? सॉफ्टवेअरचा प्रश्न शेवटी पैशांवरच येतो तो असा.

नवीन मॉडेल आलंय म्हणे...

क्रिकटचं मेकर २०१७ मध्ये आलं, मेकर ३ हे २०२१ मध्ये. फरक मुख्यतः दोन. वेग दुप्पटपर्यंत वाढला आणि कंपनीचं खास मटेरियल मॅटशिवाय कापता येऊ लागलं. जाहिरातीत हे फार मोठं वाटतं. पण तुमचा टॉपर आधी तीन मिनिटांत कापला जायचा, आता दीड मिनिटात. डिझाइन करायला मात्र तेवढाच अर्धा तास आणि चिकटवायला तेवढीच वीस मिनिटं. वेळ खाणारी जागा मशीन नव्हतीच.

वरच्या उदाहरणातलं मशीन १५,००० ला विकून ४५,००० चं घेतलं, तर खिशातून ३०,००० जातात. म्हणजे आणखी साडेपाचशेच्या आसपास टॉपर, फक्त दीड मिनिट वाचवायला. बदल करायचा तो कामाची जात बदलली तर. गणपतीच्या मखराला मोठे भाग लागतायत आणि १२ इंच पुरत नाहीत, तर रुंद मशीन बघा. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याच्या आणि कागदाच्या आराशीला वाव आहेच. जाड पुठ्ठा कापायचाय, तर जास्त दाबाचं मशीन लागेल. क्रिकट मेकर त्याच्या जाड पात्यानं २.४ मिलिमीटरपर्यंत कापतं, त्याच कंपनीच्या एक्सप्लोरला ते झेपत नाही. नुसतं ‘नवीन आलं’ म्हणून बदलायचं असेल, तर आधी पातं आणि मॅट बदलून बघा. कागदाच्या कडा फाटतात तेव्हा निम्म्या वेळा दोष बोथट पात्याचा असतो. मॅटवर धूळ बसली असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, चिकटपणा बराचसा परत येतो.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात कार्डशीट ओल धरते, फुगते आणि उन्हाळ्यात जमवलेला दाब चुकतो. शीट पिशवीत बंद करून ठेवा. कापताना लाइट गेली, तर बहुतेक मशीन जागा विसरतं आणि शीट वाया जाते. म्हणून ते इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा.

देवनागरीची कमाल

इथे मात्र आपण नशीबवान आहोत. इंग्रजीत नाव कापलं, की सुटी अक्षरं हातात येतात, म्हणून ते लोक जोडलेल्या लिपीचे फॉन्ट शोधत बसतात. आपली शिरोरेखा अख्खं नाव आपोआप धरून ठेवते. टॉपरसाठी याहून चांगली रचना नाही.

पण दोन खोड्या आहेत. पहिली अशी, की फॉन्टमध्ये काना, वेलांटी, मात्रा हे वेगळे तुकडे असतात, एकमेकांवर चढलेले. तसेच कापायला दिले, तर मशीन जोडावरही पातं चालवतं आणि नाव तुकड्या-तुकड्यांत येतं. म्हणून इंकस्केप किंवा कोरलमध्ये अक्षरांची आउटलाइन करून सगळं वेल्ड करून घ्या, मगच फाइल पाठवा. दुसरी खोडी अनुस्वाराची. ‘सिंदेवाही’ कापा, वरचं टिंब गळून पडेल आणि गाव होईल ‘सिदेवाही’! टिंब थोडं खाली ओढून वेलांटीला चिकटवा किंवा बारीक पूल द्या. मराठी नाव नीट कापून देणं हीच आपली खासियत होऊ शकते.

जुनं घेताना, जुनं विकताना

• कंपनीच्या यादीत हे मॉडेल आजही चालतं का, ते आधी बघा. स्वस्त मिळतंय म्हणून कार्ट्रिजच्या जमान्यातलं मशीन उचलू नका.
• विकणाऱ्यासमोर तुमच्या स्वतःच्या खात्यातून मशीन सुरू करा. त्याच्या खात्यावर चालून दाखवलं, हा पुरावा नाही.
• क्रिकटचं कार्ट्रिज एकदा एका खात्याला जोडलं, की दुसऱ्याला जोडता येत नाही. ‘सोबत वीस कार्ट्रिज फ्री’ला भुलू नका.
• चौकोनात गोल कापून बघा. गोलाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक जुळलं नाही, तर रोलर किंवा बेल्ट झिजलाय.
• नातेवाइकांनी परदेशातून आणलेलं असेल, तर ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते वाचा.
• पाती आणि मॅट भारतात सहज मिळतात का, ते घेण्याआधी शोधा.
• विकताना बिल, खोकं, ॲडॉप्टर जपून ठेवलेलं असू द्या. कापतानाचा व्हिडिओ काढा आणि स्वतःचं खातं मशीनवरून काढून टाका.
• नवीन मॉडेल आल्यावर जुन्याचा भाव उतरतो. विकायचंच असेल तर सीझनच्या तोंडावर, गणपतीच्या महिनाभर आधी विका.

एकट्याला झेपत नसेल, तर बचत गटाने किंवा तीन-चार मैत्रिणींनी मिळून एक मशीन घेणं हाही मार्ग आहे. एकीचं डिझाइन, दुसरीचं कापणं, तिसरीची विक्री. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर मशीनने कापलेली कागदाची जाळी, असा आकाशकंदील दिवाळीत ठेवून बघा. कामट्या आपल्या जंगलपट्ट्याला नव्या नाहीत. फक्त एक करा, पैसे कुणाचे किती आणि वेगळं व्हायचं झालं तर मशीन कुणाकडे राहणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या. तो कागद मात्र कापायचा नाही.