बँकेतला पैसा आणि गावातला संशय

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या सोयाबीन-तुरीच्या गावात बँकेचे वर्ष 31 मार्चला संपते. त्या आठवड्यात 'नवे-जुने' करण्याची धावपळ असते. मागचे पीककर्ज व्याजासह भरायचे आणि लगेच तेवढेच, जमल्यास थोडे वाढवून, नवे उचलायचे. सोयाबीनचे पैसे तोवर खर्च झालेले असतात. मग चार दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम आणायची, गावच्या सहकारी सोसायटीत भरायची, तिच्या गटसचिवाकडून नवे प्रकरण करून घ्यायचे आणि पैसे खात्यावर पडले की ज्याचे त्याला परत करायचे. त्या चार दिवसांचे व्याज वेगळे. बँक आणि सरकार यांच्याविषयीचे कितीतरी समज या व्यवहाराभोवती वाढले आहेत. त्यांतले काही निखालस चुकीचे आहेत, काही अर्धे खरे आहेत, आणि एक-दोन ठिकाणी संशय घेणारा शेतकरीच बरोबर आहे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज व्याजाच्या भाषेतून होतो. बँक 'सात टक्के' म्हणते, गावातला सावकार 'तीन रुपये शेकडा' म्हणतो, आणि तीनचा आकडा लहान वाटतो. पण बँकेचे सात वर्षाचे असतात आणि सावकाराचे तीन महिन्याचे, म्हणजे वर्षाला 36 टक्के. शिवाय 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून 2021 पासून ते शून्य टक्क्यावर येते. अनेक ठिकाणी बँक आधी व्याज भरून घेते आणि सवलतीची रक्कम नंतर जमा होते. 'शून्य टक्के ही थाप आहे' हा समज त्या विलंबातून आला आहे. सावकारीलाही कायदा आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. शेतकऱ्याला दिलेल्या कर्जावर तारण असेल तर वर्षाला 9 आणि नसेल तर 12 टक्के एवढीच व्याजाची मर्यादा ठरवलेली आहे. अवैध सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

दुसरा समज कर्जमाफीचा : 'भरणारा वेडा ठरतो, माफी येतेच.' याला इतिहासाचा आधार आहे, म्हणूनच तो इतका घट्ट बसला आहे. 2008 ची केंद्राची माफी, 2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, 2019 ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, अशा तीन मोठ्या माफ्या बारा वर्षांत आल्या. पण प्रत्येकीला तारखांचे आणि रकमेचे कुंपण होते. 2008 मध्ये संपूर्ण माफी फक्त दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला मिळाली. पश्चिम विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याकडे अनेकदा त्याहून जास्त जमीन असते आणि उत्पन्न मात्र बागायती दोन एकरांएवढेही नसते; तो कागदावर मोठा शेतकरी ठरला आणि त्याच्या वाट्याला थकबाकीचा मोठा हिस्सा एकरकमी भरल्यास 25 टक्क्यांची सूट आली. 2019 च्या योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेले आणि 30 सप्टेंबर 2019 रोजी थकीत असलेले, दोन लाखांपर्यंतचे कर्ज बसले. उसनवारी करून दरवर्षी नवे-जुने करणारा थकबाकीदार नव्हता, म्हणून तो बाहेर राहिला. नियमित भरणाऱ्यांसाठी जाहीर झालेले 50,000 रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन 2022 मध्ये खात्यांवर येऊ लागले. शिस्त पाळणाऱ्याला तीन वर्षे थांबावे लागले, हा राग रास्त आहे. तरीही माफीच्या भरवशावर कर्ज थकवणे हिशेबात बसत नाही. दीड लाखाच्या कर्जाची मुदत टळली की शून्य टक्क्याची सवलत जाते, आणि 7 टक्क्यांनीच धरले तरी वर्षाला 10,500 रुपये चढतात. पुढच्या हंगामाचे कर्जही अडते.

'आमचे दोन लाख सुटत नाहीत, उद्योगपतींचे हजारो कोटी माफ होतात' हे वाक्य पारावर ऐकू येतेच. येथे दोन शब्दांची गल्लत आहे. माफीत कर्ज संपते. निर्लेखनात बँक बुडीत कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते, कर्जदाराची देणेदारी मात्र कायम राहते. विजय मल्ल्या प्रकरणात जप्त मालमत्तेतून 14,131 कोटी रुपये सरकारी बँकांना परत मिळाल्याचे डिसेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगण्यात आले. पण निर्लेखित कर्जांची एकूण वसुली फार तोकडी आहे. त्यामुळे तक्रारीतला शब्द चुकला असला तरी तक्रार पोकळ नाही.

जमिनीची भीती अर्धी खरी आहे. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा चढला म्हणजे जमीन बँकेची झाली, असे नव्हे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. सहकारी संस्थांचा मार्ग मात्र वेगळा आहे : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखला आणि कलम 156 खाली जप्ती-विक्री करता येते. सोसायटीची नोटीस आली तर ती चुलीत घालू नये, मुदतीत उत्तर द्यावे. कर्जदार वारला तर वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

अनुदान किंवा नुकसानभरपाई खात्यावर आली आणि बँकेने ती 'होल्ड' केली किंवा कर्जात वळती केली, हा अनुभव मात्र गैरसमज नाही. थकीत येण्यापोटी खात्यातील रक्कम अडवण्याचा बँकेचा हक्क जुना आहे. तरीही आपत्तीची मदत कर्जात वळती करू नये, अशा सूचना राज्य शासन वेळोवेळी देते. त्या सूचनेचा हवाला देऊन लेखी मागणी करता येते.

आता ठेवींकडे. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर सहाच दिवसांत जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. वाशीम 1998 मध्ये वेगळा जिल्हा झाला तरी अकोला जिल्हा मध्यवर्ती बँकच दोन्ही जिल्ह्यांत काम करते. खेड्यातल्या अनेकांचे एकमेव खाते अशाच बँकेत असते. नोटाबंदीच्या पुढच्याच वर्षी आलेल्या वित्तीय निराकरण विधेयकाने 'बुडत्या बँकेसाठी सरकार ठेवी वापरणार' ही भीती पसरवली. त्यातही विमा असलेल्या ठेवी वगळलेल्या होत्या, आणि 2018 मध्ये विधेयकच मागे घेतले गेले. 4 फेब्रुवारी 2020 पासून मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. तो दर खात्याला नसून एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे. दोन शाखांत पाच-पाच लाख ठेवले तरी संरक्षण पाचाचेच. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. त्यानंतर 2021 मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध लागल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले.

खरी विसंगती इथे आहे. या विम्याच्या बँकेवर संशय घेऊन लोक जो पैसा काढतात, तो दोन टक्के जादा व्याजासाठी पतसंस्थेत किंवा 'मल्टिस्टेट' म्हणजे अनेक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्थेत नेऊन ठेवतात. काचेचे दार, संगणक, पासबुक, सगळे बँकेसारखे दिसते. पण तिथल्या ठेवीला हे विमा संरक्षण नाही. अशी संस्था बुडाली तर 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होऊन, तिची विक्री होऊन पैसे यायला वर्षे जातात.

'बंद खात्यातले पैसे सरकार खाते' हेही खरे नाही. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. त्यानंतरही खातेदार किंवा वारस ती मागू शकतात. खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्क नाही.

व्यापारी किंवा ग्रामीण बँकेबद्दलची तक्रार आधी शाखेत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते; माहितीसाठी क्रमांक 14448.